मॅट ब्लूमफील्ड कोण? इंग्लंडच्या खालच्या लीगमधल्या एका मिडफिल्डरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रीमियर लीग आपल्याकडे घराघरांत पाहिली जाते. मी मात्र गेली कित्येक वर्षं तिच्याखालच्या पायऱ्यांवरचा फुटबॉल जीव लावून बघतो आहे, आणि त्यातही एका माणसाच्या कारकिर्दीवर माझा विशेष जीव आहे. हे सांगितलं की मित्र, भाचे, ऑफिसमधले सहकारी सगळे तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो.

हा मॅट ब्लूमफील्ड नेमका कोण?

मधल्या फळीत खेळणारा इंग्लिश फुटबॉलपटू. जन्म ८ फेब्रुवारी १९८४, गाव फेलिक्सस्टो. सफक परगण्यातलं हे समुद्रकाठचं गाव म्हणजे आपल्या न्हावाशेव्यासारखं मोठं कंटेनर बंदर आहे. जवळचा मोठा क्लब इप्सविच टाउन, त्यामुळे फुटबॉल शिकला तिथेच. इंग्लंडच्या कुमार संघांतूनही खेळला. इप्सविचच्या मुख्य संघाकडून मात्र त्याला एकच सामना मिळाला, तोही लीगमधला नव्हे, लीग कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेतला. २००३ च्या डिसेंबरात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो विकम वाँडरर्स या छोट्या क्लबात आला आणि २०२२ च्या फेब्रुवारीत निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. एकूण ५५८ सामने.

‘खालची लीग’ म्हणजे किती खाली?

सगळ्यात वर प्रीमियर लीग, २० संघांची. तिच्याखाली इंग्लिश फुटबॉल लीगचे ७२ क्लब, २४-२४ च्या तीन पायऱ्यांवर: चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू. नावामुळे सगळ्यांची फसगत होते. लीग वन म्हणजे पहिली नव्हे, तिसरी पायरी, आणि लीग टू चौथी. तिच्याखाली पाचवी पायरी नॅशनल लीग, आणि मग सहाव्या पायरीपासून गावोगावच्या मैदानांपर्यंत उतरत जाणारी उतरंड.

ही उतरंड बंद नाही, हे समजलं की सगळं समजलं. दर मे महिन्यात वरचे काही खाली येतात, खालचे काही वर जातात. विकम स्वतः १९९३ पर्यंत या ७२ क्लबांच्या बाहेर होता. मॅनेजर मार्टिन ओ’नीलच्या हाताखाली त्या वर्षी तो आत आला.

आणि ‘खालची’ हा शब्द फक्त तक्त्यातली जागा सांगतो. लीग टूमधला मिडफिल्डर हा लहानपणी आपल्या शाळेतला, आपल्या तालुक्यातला सगळ्यात भारी पोरगा असतो. सोळाव्या वर्षी क्लबच्या शिकाऊ करारात निवडला गेलेला, अठराव्या वर्षी बहुतेकांची नावं कटली तेव्हा टिकलेला. आपण ज्याला सहज ‘तिसऱ्या डिव्हिजनचा प्लेयर’ म्हणतो, तो एवढ्या चाळण्यांतून खाली पडता पडता राहिलेला दाणा असतो.

विकम वाँडरर्स हा कुठला क्लब?

लंडनच्या वायव्येला, बकिंगहॅमशर परगण्यात, हाय विकम नावाचं गाव आहे. खुर्च्या बनवण्यासाठी ते शंभर-दीडशे वर्षांपूर्वी प्रसिद्ध होतं. तिथल्या फर्निचर कारागिरांच्या पोरांनी १८८७ च्या सुमारास हा क्लब काढला, म्हणून खेळाडूंना आजही ‘चेअरबॉइज’ म्हणतात. शर्ट फिकट निळ्या आणि गडद निळ्या चौकटींचा. मैदान ॲडम्स पार्क, जेमतेम दहा हजार माणसांचं, झाडी असलेल्या टेकडीच्या पायथ्याशी. पैसा कधीच फार नव्हता. २०१२ मध्ये तर क्लब चाहत्यांच्या ट्रस्टकडे गेला आणि कित्येक वर्षं तसाच चालला.

अठरा वर्षं एकाच क्लबात, म्हणजे कारकीर्द एकाच जागी अडकली ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण हिशेब मांडला तर उलटंच दिसतं. तो जागचा हलला नाही, पण त्याच्या पायाखालची जमीन सतत हलत होती.

तो आला तेव्हा विकम तिसऱ्या पायरीवर तळाला होता. त्याच मोसमात, २००४ मध्ये, संघ चौथ्या पायरीवर घसरला. २००९ मध्ये वर चढला. २०१० मध्ये परत खाली. २०११ मध्ये परत वर. २०१२ मध्ये परत खाली. २०१८ मध्ये वर. २०२० मध्ये आणखी वर, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच दुसऱ्या पायरीवर, चॅम्पियनशिपमध्ये. २०२१ मध्ये खाली. चार वेळा चढला, चार वेळा उतरला, आणि निवृत्त झाला तेव्हा संघ पुन्हा त्याच तिसऱ्या पायरीवर होता जिथून त्याने सुरुवात केली होती.

प्रत्येक घसरणीनंतर उत्पन्न घटतं, चांगले खेळाडू विकले जातात, नवा मॅनेजर येतो आणि त्याला जुनी माणसं नको असतात. ब्लूमफील्ड सहा मॅनेजरांच्या हाताखाली खेळला: टोनी ॲडम्स, जॉन गॉर्मन, पॉल लॅम्बर्ट, पीटर टेलर, गॅरी वॅडॉक आणि गॅरेथ एन्सवर्थ. प्रत्येकाची खेळायची पद्धत निराळी. त्या सहाही जणांना मधल्या फळीत हा माणूस हवा होता, यातच त्याची गुणवत्ता आली. एन्सवर्थ तर आधी त्याच्याच बरोबर विकमकडून खेळत होता, मग त्याचा साहेब झाला. जुन्या दोस्ताला साहेब म्हणून स्वीकारणं नोकरीत किती अवघड जातं, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

तो खेळायचा कसा?

पळायचा. मधल्या फळीत दोन्ही पेनल्टी बॉक्सच्या मधली सगळी जमीन ज्याच्या वाट्याला येते, त्या जातीचा मिडफिल्डर. डोळे दिपवणारा पास किंवा तीस यार्डावरून मारलेला गोल यासाठी कुणी त्याचं नाव घेत नाही.

खालच्या लीगमधल्या मिडफिल्डरचं काम समजून घ्यायचं तर चेंडूकडे बघूच नका. लांब चेंडू हवेतून येतो, आपला स्ट्रायकर आणि त्यांचा बचावपटू डोक्याने झगडतात, चेंडू कुठेतरी टप्पा घेऊन पडतो. तो ‘दुसरा चेंडू’ कोणाचा, यावर लीग वन आणि लीग टूमधले अर्धे सामने ठरतात. चेंडू पडणार कुठे याचा अंदाज बांधून तिथे आधीच पोचलेला माणूस म्हणजे चांगला मिडफिल्डर. तिथे पोचूनही दहापैकी सहा वेळा चेंडू दुसरीकडे जातो, आणि परत पळावं लागतं. लीगचे ४६ सामने, वर एफए कप, लीग कप, ईएफएल ट्रॉफी या वेगळ्या स्पर्धा. शनिवार-मंगळवार-शनिवार असा रतीब. जानेवारीत चिखल, वारा, तीन तासांचा बसचा प्रवास.

हे काम आकड्यांत उतरत नाही. म्हणूनच मी अशा खेळाडूचा सामन्यांचा आकडा बघतो. ५५८ वेळा कुणीतरी यादी लिहिताना त्याचं नाव लिहिलं.

त्याच्या वाट्याला मोठे सामने आले का?

त्याच्या काळात क्लबच्या वाट्याला आले, आणि आले ते कायम लक्षात राहण्यासारखेच.

जानेवारी २००७: विकम चौथ्या पायरीवर असताना लीग कपच्या उपांत्य फेरीत पोचला. समोर प्रीमियर लीगमधला, मॅनेजर मोरिन्योचा चेल्सी. ॲडम्स पार्कवर १-१ बरोबरी झाली. परतीच्या सामन्यात स्टॅमफर्ड ब्रिजवर ४-० ने हरले, पण त्या १-१ बद्दल हाय विकममध्ये आजही बोललं जातं.

३ मे २०१४: मोसमाचा शेवटचा दिवस. जिंकूनही भागणार नव्हतं, इतरांचे निकालही हवे होते, नाहीतर ७२ क्लबांतून बाहेर. विकमने टॉर्कीला त्यांच्याच घरी ३-० हरवलं, ब्रिस्टल रोव्हर्स हरले, आणि दोघांचे ५०-५० गुण असताना गोलफरकावर विकम वाचला. मला विचाराल तर या क्लबचा सगळ्यात महत्त्वाचा विजय हाच. पुढचं सगळं त्या दिवसामुळे घडलं.

२३ मे २०१५: लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर लीग टू प्ले-ऑफची, म्हणजे वर जायच्या शेवटच्या जागेसाठीच्या सामन्यांची, फायनल, साउथएंडविरुद्ध. जादा वेळेत विकम १-० ने पुढे, १२२ व्या मिनिटाला साउथएंडने बरोबरी केली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये ७-६ ने सामना गेला. अवघी काही सेकंदं उरली होती.

२८ जानेवारी २०१७: एफए कपमध्ये प्रीमियर लीगमधल्या टॉटनहॅमच्या मैदानावर ४-३ ने हार. विकम दोनदा पुढे होता. नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेच्याही शेवटी टॉटनहॅमच्या सोन ह्युंग-मिनने विजयी गोल मारला.

सगळ्यात वाईट मोसम कोणता?

२००५-०६. सुरुवातीचे २१ लीग सामने संघ हरलाच नव्हता, लीग टूमध्ये सगळ्यांच्या पुढे होता. जानेवारी २००६ मध्ये मार्क फिलो हा २१ वर्षांचा सहकारी मिडफिल्डर मोटार अपघातात गेला. त्याच हिवाळ्यात मॅनेजर गॉर्मनची पत्नी कर्करोगाने गेली. संघ सहाव्या क्रमांकावर घसरला आणि प्ले-ऑफमध्ये हरला. ब्लूमफील्ड तेव्हा बावीस वर्षांचाही नव्हता. त्या वयाच्या पोरांनी ड्रेसिंग रूममधली ती रिकामी जागा कशी सोसली असेल, याचा विचार केला की तक्त्यातला सहावा क्रमांक अपयश वाटत नाही.

२०२० मध्ये विकम ‘गणितावर’ वर गेला, हे खरं का?

अर्धंच खरं. कोविडमुळे १३ मार्च २०२० ला लीग थांबली तेव्हा विकम आठवा होता. जूनमध्ये क्लबांनी मतदान करून मोसम तिथेच संपवला आणि क्रमवारी ‘प्रत्येक सामन्यामागे किती गुण’ या हिशेबाने लावली. विकमचे ३४ सामन्यांत ५९ गुण होते, म्हणजे १.७३५. त्यांच्या पुढच्या ऑक्सफर्ड, पोर्ट्समथ, फ्लीटवूडचे ३५ सामन्यांत ६०, म्हणजे १.७१४. एक सामना कमी खेळल्यामुळे विकम आठव्यावरून थेट तिसरा झाला. सहाव्या क्रमांकावरचं पीटरबरो प्ले-ऑफच्या बाहेर फेकलं गेलं, आणि त्यांचा संताप मला समजतो. त्यांचेही गुण ५९ च होते.

पण गणिताने फक्त दार उघडलं. आत शिरायला खेळावंच लागलं. उपांत्य फेरीत फ्लीटवूडला त्यांच्या मैदानावर ४-१ हरवलं, घरी २-२. १३ जुलै २०२० ला वेम्ब्लीवर ऑक्सफर्डविरुद्ध फायनल, एकही प्रेक्षक नाही. नवव्या मिनिटाला अँथनी स्ट्युअर्टचा गोल, उत्तरार्धात ऑक्सफर्डची बरोबरी, आणि ७९ व्या मिनिटाला जो जेकबसनची पेनल्टी. २-१. छत्तीस वर्षांच्या कप्तान ब्लूमफील्डने रिकाम्या स्टेडियममध्ये ट्रॉफी उचलली. अकिनफेन्वा नावाचा त्यांचा धिप्पाड स्ट्रायकर टीव्हीवर म्हणाला की आता मला फक्त क्लॉपने (लिव्हरपूलचा तेव्हाचा मॅनेजर) व्हॉट्सॲप करावं, आणि क्लॉपने खरोखर केलं. जगभर ती बातमी झाली. कप्तानाबद्दल फार कुणी लिहिलं नाही.

मग चॅम्पियनशिपमध्ये काय झालं?

एका गुणाने घसरले. विकम ४३, डर्बी ४४. शेवटच्या दिवशी मिडल्सब्रोला ३-० हरवूनही उपयोग झाला नाही.

या लोकांना पैसे किती मिळतात? करोडोंच्या गोष्टी ऐकतो आपण.

त्या गोष्टी प्रीमियर लीगच्या. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये कुठल्याही फुटबॉलपटूला आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त द्यायला बंदीच होती. जिमी हिलच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली तेव्हा ती उठली. त्यानंतर वरच्या आणि खालच्या पायरीतली दरी वाढतच गेली. लीग टूमधला पगार हा बऱ्या नोकरीचा पगार असतो. घर चालतं, कर्जाचे हप्ते जातात, पण पस्तिशीत बूट टांगल्यावर आयुष्यभर बसून खाता येत नाही. २०२० मध्ये क्लबांनी पगारांच्या एकूण खर्चावर मर्यादा घातली होती, लीग वनला २५ लाख पौंड आणि लीग टूला १५ लाख. खेळाडूंच्या संघटनेने ती लवादापुढे नेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ती रद्द झाली.

पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे भरवसा. करार बहुतेक एक-दोन वर्षांचे, आणि ते ३० जूनला संपतात. मोसम संपला की मे महिन्यात प्रत्येक क्लब यादी जाहीर करतो: कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं. आपल्याकडे कंत्राटावर शिकवणाऱ्या मास्तरांना एप्रिल-मे कसा जातो ते ज्यांना माहीत आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. मुलांच्या शाळेचा प्रवेश, घराचं भाडं, बायकोची नोकरी, सगळं त्या एका यादीवर टांगलेलं. नाव कटलं तर उन्हाळाभर दुसऱ्या क्लबांत ट्रायल देत फिरायचं, तिशीतल्या माणसाने अठरा वर्षांच्या पोरांबरोबर.

त्याने खेळ का सोडला?

डोक्याला मार लागला म्हणून. २०२१-२२ च्या मोसमाच्या सुरुवातीला त्याला मेंदूला धक्का बसण्याची दुखापत झाली, त्रास महिनोन्‌महिने राहिला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

गुडघा किंवा घोटा गेला तर दिसतो. ही दुखापत दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल थोडं जास्त लिहितो. वेस्ट ब्रॉमविच ॲल्बियन आणि इंग्लंडचा स्ट्रायकर जेफ ॲसल २००२ मध्ये वारला तेव्हा मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने कारण नोंदवलं ते व्यवसायातून आलेला आजार असं: वर्षानुवर्षं जड चेंडू डोक्याने मारल्यामुळे. २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण त्यांच्यात सामान्य माणसांच्या साडेतीन पट निघालं. त्यानंतर २०२१ पासून इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूंनी सरावात आठवड्याला जोराचे हेडर दहाच मारावेत अशी सूचना आली.

लांब, उंच चेंडूंचा खेळ खालच्या लीगमध्ये वरच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून हा धोका तिथे जास्त जवळचा. ब्लूमफील्ड वेळीच थांबला याचा मला आनंद वाटतो. निरोपाचा सामना खेळता आला नाही, याचं वाईटही वाटतं.

आपल्याकडचं कोणी या लीगमध्ये खेळलंय का?

हो. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये बरी या क्लबात गेला, तेव्हा तो तिसऱ्या पायरीवर होता. तो स्ट्रायकर, मिडफिल्डर नव्हे. तीन मोसम राहिला, दुखापतींनी सतावलं. तोच बरी क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये आर्थिक दिवाळखोरीमुळे लीगमधून काढून टाकला गेला. म्हणूनच वर सांगितलेल्या २०१९-२० च्या मोसमात लीग वनमध्ये २४ ऐवजी २३ संघ होते. भारतीय वंशाच्या खेळाडूंत मॅल्विंद बेनिंगचं नाव आवर्जून घेईन. २०२२ च्या लीग टू प्ले-ऑफ फायनलमध्ये पोर्ट व्हेलच्या तीन गोलांपैकी एक त्याचा होता, तोही त्याच्या जुन्या क्लबाविरुद्ध, मॅन्सफील्डविरुद्ध.

महाराष्ट्राचा धागा मात्र मालकीचा आहे. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज, म्हणजे आपल्या ‘व्हेंकीज’ने, नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. एकेकाळचा प्रीमियर लीग विजेता हा क्लब २०१२ मध्ये चॅम्पियनशिपमध्ये आणि २०१७ मध्ये लीग वनमध्ये घसरला, पुढच्याच वर्षी वर आला. चाहते इतके चिडले होते की २०१२ च्या एका सामन्यात कुणीतरी मैदानात जिवंत कोंबडी सोडली होती. २०२०-२१ च्या चॅम्पियनशिपमध्ये पुणेकरांचा ब्लॅकबर्न आणि ब्लूमफील्डचा विकम एकाच तक्त्यात होते, हे मला तेव्हा फार गमतीचं वाटलं होतं.

निवृत्तीनंतर त्याने काय केलं?

आधी विकममध्येच प्रशिक्षकांच्या चमूत राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये कोल्चेस्टर युनायटेडने त्याला मुख्य प्रशिक्षक केलं. पाच महिन्यांत एन्सवर्थ क्वीन्स पार्क रेंजर्सकडे गेला आणि विकमने त्याच्या जागी ब्लूमफील्डला परत बोलावलं. एप्रिल २०२४ मध्ये त्याने संघाला ईएफएल ट्रॉफीच्या फायनलपर्यंत नेलं, तिथे पीटरबरोने २-१ ने हरवलं. जानेवारी २०२५ मध्ये विकम लीग वनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर असताना चॅम्पियनशिपमधल्या ल्यूटन टाउनने त्याला नेलं. ल्यूटन मे महिन्यात घसरलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला काढलं.

विकम सोडल्याबद्दल काही चाहते अजून रुसलेले आहेत. मी नाही. एकोणिसाव्या वर्षी आलेला माणूस चाळिशीत वरच्या पायरीवर हात मारून बघतो, त्याला कोणत्या तोंडाने थांब म्हणायचं?

मला सुरुवात करायची आहे. पहिला सामना कोणता बघू?

२०२० ची ती फायनल. प्रेक्षक नसल्यामुळे तिच्यात एक गोष्ट मिळते जी एरवी टीव्हीवर कधीच मिळत नाही: खेळाडूंचे आवाज. मागे कोण आहे, डावीकडे कोण मोकळा आहे, पुढे जा, थांब, उभा राहा, हे सगळं वेम्ब्लीच्या रिकाम्या खुर्च्यांवरून घुमत येतं. आवाज मोठा ठेवा, आणि ब्लूमफील्ड मैदानात आहे तोवर चेंडू सोडून त्याच्याकडे बघा.